ए. आर. केन : ड्रीम पॉपला नाव देणारे, ड्रीम पॉपच्या यादीत नसणारे

रातकिडा

गाण्यांच्या कुठल्याही ॲपवर जाऊन 'ड्रीम पॉप', म्हणजे धूसर गिटारच्या लाटांत बुडालेलं स्वप्नाळू पॉप, शोधा. कॉक्टो ट्विन्स, मॅझी स्टार, स्लोडाइव्ह, बीच हाऊस, सिगारेट्स आफ्टर सेक्स. खाली सरकत राहा, पुन्हा तेच, फक्त क्रम बदललेला. यातल्या कोणाशी माझं वाकडं नाही. 'हेवन ऑर लास व्हेगास' माझ्या फोनमधून कधी निघालेला नाही आणि निघणारही नाही. पण 'ड्रीम पॉप' या नावाचं श्रेय ज्याला दिलं जातं, त्या माणसाचा बँड या याद्यांमध्ये औषधालाही सापडत नाही, हे काही केल्या पचत नाही. म्हणून हा धागा.

बँडचं नाव ए. आर. केन. माणसं दोनच, ॲलेक्स अयुली आणि रूडी तंबाला. पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डचे, शाळेपासूनचे दोस्त. अयुलीचं कुटुंब मूळचं नायजेरियाचं, तंबालाचे वडील मलावीचे आणि आई इंग्लिश. अयुली जाहिरात क्षेत्रात कॉपीरायटर होता, आणि 'ड्रीम पॉप' या नावाचं श्रेय त्यालाच देतात. बँड निघाला 1986 मध्ये, तोही थापेतून. ते स्वतःच सांगतात की टीव्हीवर कॉक्टो ट्विन्सना बघून दोघे येडे झाले होते. मग एका पार्टीत कोणीतरी 'तुम्ही काय करता' म्हणून विचारलं, तर ठोकून दिलं की आमचा बँड आहे. थाप फिरत फिरत लेबलवाल्यांच्या कानावर गेली आणि मग बँड काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. 'व्हेन यू आर सॅड' हे पहिलं सिंगल त्याच वर्षी वन लिटिल इंडियन या लेबलने काढलं.

मी त्यांच्यापर्यंत पोचलो ते मागच्या दाराने. मार्सचं 'पंप अप द व्हॉल्यूम' सगळ्यांनी ऐकलंय. नाव आठवत नसेल तर वाजल्यावर आठवेल. त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते शोधताना 'अनिटीना' सापडलं. पहिल्या बाजूशी त्याचा काडीचा संबंध नाही. खाली मशीनचे ड्रम ठोकत आहेत आणि वर गिटारचा असा काही लोट, की गायकाचा आवाज त्यात अर्धा बुडालेला. हे कोण म्हणून श्रेयनामावली बघितली तर ए. आर. केन. मार्स हे नावच मुळात आद्याक्षरांचं आहे. मार्टिन, ॲलेक्स, रूडी, रसेल, स्टीव्ह. मार्टिन आणि स्टीव्ह यंग कलरबॉक्स या बँडमधले, मधले तिघे ए. आर. केनच्या बाजूचे.

तिथून मग '69' (1988) आणि 'आय' (1989). हे दोन अल्बम ऐकल्यावर डोक्यात बसवलेला सगळा क्रम हलतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा 'इजन्ट एनीथिंग' नोव्हेंबर 1988 चा. '69' त्याच वर्षीच्या जूनमधला. मी असं म्हणत नाहीये की माय ब्लडी व्हॅलेंटाइनने ए. आर. केनचं उचललं. पण 'हा प्रकार कोणी सुरू केला' म्हणून जे लेख येतात, त्यात जूनमधल्या रेकॉर्डचा उल्लेख एका ओळीत आणि नोव्हेंबरमधल्याला चार पानं, हे काही बरोबर नाही.

बरं, शोधायचं तर अल्बमांची नावंही काय ठेवलीत! एक '69', दुसरा नुसता 'आय', म्हणजे इंग्रजी i. सर्चमध्ये टाकून बघा काय काय येतं ते. पहिलं नाव तर ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकूही नका. बँडचं नाव टिंबांसकट लिहायचं की टिंबांशिवाय, यातच अर्धे निकाल गळतात. कॉपीरायटर माणसाला हे कळू नये?

इथे कोणी ऐकलंय का यांना? आणि ऐकलं नसेल तर का ऐकलं नसेल असं वाटतं?


मीठभाकर

वाचतेय. मी कॉक्टो ट्विन्सच्या पुढे गेलेले नाही, त्यातही त्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर काय म्हणते ते आजतागायत कळलेलं नाही. सुरुवात कुठून करू? सरळ एक गाणं सांगा, यादी नको.


रातकिडा

@मीठभाकर, 'बेबी मिल्क स्नॅचर'. हेडफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही आणि बास गेला की त्या गाण्यात निम्मंच उरतं. ते आवडलं तर '69' सगळा. 'आय' लगेच नको, तो सव्वीस ट्रॅकचा डबल अल्बम आहे, त्यात काही तर नुसते काही सेकंदांचे तुकडे. कॉक्टो ट्विन्सच्या वाटेने यायचं असेल तर 'लॉलिटा' ईपी (म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) घ्या. 1987 चा, 4एडी लेबलचा, आणि निर्माता रॉबिन गथ्री, म्हणजे कॉक्टो ट्विन्सचा गिटारवालाच. सुरुवातीला वाटेल की ओळखीचंच आहे, गोड आहे. पुढे काय होतं ते सांगत नाही.


जुना_भिडू

मार्सच्या त्या गाण्याच्या बारशाला जेवलोय आम्ही! आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला हे वाजलं होतं. कोणाचा तरी भाऊ गल्फमधून कॅसेट घेऊन आला होता, तिच्या कॉपीची कॉपी. त्यामुळे आमच्या दृष्टीने गाण्यात मुळातच खरखर होती. पुढे सीडीवर ऐकलं तेव्हा इतकं स्वच्छ वाटलं की चुकल्यासारखं झालं.

या गाण्याचा एक किस्सा इथे नोंदवून ठेवतो, कारण तो फार कमी जणांना माहीत असतो. 1987 च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये नंबर एकला रिक ॲस्टलीचं 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप' ठाण मांडून बसलेलं. त्याचे निर्माते स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन. मार्सच्या गाण्यात या तिघांच्याच 'रोडब्लॉक' नावाच्या रेकॉर्डमधला एक छोटासा तुकडा सॅम्पल केलेला होता. गाणं वर चढायला लागल्यावर त्यांनी कोर्टातून मनाई आणली. म्हणजे वर बसलेल्याच्या निर्मात्यांनी खालून येणाऱ्याला थांबवायचा प्रयत्न केला. पुढे कोर्टाबाहेर मिटलं, आणि ऑक्टोबरात ॲस्टलीला खाली ढकलून नंबर एकवर आलं ते हेच. दोन आठवडे होतं. 4एडीसारख्या लेबलचं पहिलं नंबर एक! सॅम्पलिंगच्या हक्कांबद्दल पुढे जी काही भांडणं झाली त्यात या खटल्याचं नाव हमखास येतं.

पण रातकिडा, एक शंका आहे. नंबर एक गाण्यात नाव असलेला बँड अज्ञात कसा राहतो? आमच्याकडे तर अशा माणसाने दहा वर्षं ऑर्केस्ट्रा चालवला असता त्या एका गाण्यावर.


रातकिडा

@जुना_भिडू, किस्सा भारी. शंकेचं उत्तर त्या रेकॉर्डच्या दोन बाजूंतच आहे. 4एडीच्या आयव्हो वॉट्स-रसेलने दोन्ही बँडना एकत्र बसवलं, पण त्यांचं जमलं नाही. शेवटी कलरबॉक्सने आपली बाजू केली, त्यात ए. आर. केनची थोडी गिटार आली. ए. आर. केनने आपली बाजू केली, त्यात मार्टिन यंगचे ड्रम आले. स्क्रॅचिंग डेव्ह डॉरेल आणि सी. जे. मॅकिंटॉश या डीजेंचं. गाजली ती पहिली बाजू. नंतर मार्सचं दुसरं गाणं निघालंच नाही आणि ए. आर. केन 4एडी सोडून रफ ट्रेड या लेबलकडे गेले. म्हणजे ज्या गाण्याने नाव झालं त्यात ते पाहुणे, आणि ज्यात यजमान ते दुसऱ्या बाजूला.


तिरकस_पेठकर

'लॉलिटा' ऐकलं. पहिली काही मिनिटं बरं चाललं होतं, मग गिटारचं असं काही सुरू झालं की मी उठून स्पीकरची वायर तपासली. वायर ठीक होती. यालाच जर स्वप्न म्हणायचं असेल तर झोपताना जरा हलकं जेवत जा म्हणावं.


गिटारवाला_नाशिक

@तिरकस_पेठकर, वायर तपासलीत हे वाचून बरं वाटलं. तो मुद्दाम केलेला फीडबॅक आहे, आणि तेच ऐकायचं आहे.

थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा. इलेक्ट्रिक गिटार ॲम्पसमोर जवळ धरली की ॲम्पमधून येणारा आवाज तारांनाच हलवतो, तारा पुन्हा पिकअपमधून ॲम्पला आवाज देतात, आणि हे चक्र फुगत जातं. हात न लावता सूर वाजत राहतो. बहुतेक वादक याला घाबरतात, कारण तो कुठल्या स्वरावर जाऊन बसेल याचा नेम नसतो. दोन पावलं मागे सरका, अंगाचा कोन बदला, की वेगळा स्वर. जीझस अँड मेरी चेनने 1985 मध्ये पॉप गाण्यावर हा फीडबॅक ओतला होता. ए. आर. केनला तेव्हाच्या परीक्षणांत 'काळे जीझस अँड मेरी चेन' म्हणत ते त्यामुळेच, पण ऐकल्यावर फरक चटकन कळतो.

मेरी चेनचा आवाज भिंतीसारखा सपाट येतो, मध्ये फट नाही. ए. आर. केनचा सगळा खेळ मोकळ्या जागेचा आहे. आणि ती त्यांनी डबमधून घेतली असं माझं ठाम मत आहे. डब म्हणजे जमैकात सत्तरच्या दशकात किंग टबी, ली पेरी वगैरे मंडळींनी जे केलं ते. तयार रेगे गाण्यातून गाणं काढून घ्यायचं, बास आणि ड्रम ठेवायचे, आणि मधूनच एखादा शब्द, एखादा गिटारचा ठोका इकोमध्ये सोडून द्यायचा. पूर्व लंडनमध्ये वाढलेल्या या पोरांच्या कानावर साउंड सिस्टीमवरचं डब लहानपणापासून होतं. 'बेबी मिल्क स्नॅचर' पुन्हा ऐका. बास पुढे आहे, जाड आहे, निवांत चालतो. गिटार त्याच्यावर सतत नाही. येते, पसरते, जाते. गेल्यावर तिची शेपूट रिव्हर्बमध्ये (म्हणजे घुमाऱ्यात) लोंबत राहते आणि तुम्ही पुढच्या लाटेची वाट बघत बसता. शूगेझवाल्यांनी, म्हणजे ड्रीम पॉपच्याच गोंगाटी भावंडांनी, पुढे यातला आवाज घेतला पण जागा भरून टाकली. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा केव्हिन शील्ड्स ट्रेमोलो दांडा हातात धरूनच वाजवतो, त्याने सूर सारखे वाकत राहतात. तो वेगळा थोर प्रकार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे बास शोधावा लागतो.

मी घरी दोन डिले पेडल आणि एक रिव्हर्ब लावून त्या गाण्याच्या जवळ जायचा प्रयत्न करत असतो. सूर जमतात, थांबणं जमत नाही. हात शिवशिवतात.


तिरकस_पेठकर

@गिटारवाला_नाशिक, हे समजावून सांगितल्यावर पुन्हा ऐकलं. वायर अजूनही ठीक आहे. मत अजूनही तेच आहे. पण 'क्रेझी ब्लू' नावाचं एक पुढे आपोआप वाजलं, ते चक्क आवडलं. त्यात जॅझ आहे. हे आधी का नाही सांगितलंत?


टेम्सकाठी

स्ट्रॅटफर्डचा उल्लेख आला म्हणून लॉगिन केलं. मी ईस्ट हॅमला राहते, स्ट्रॅटफर्ड म्हणजे आमचं रोजचं गाडी बदलायचं स्टेशन. आज जे तिथे उतरतात त्यांना वेस्टफील्ड मॉल, ऑलिंपिक पार्क, एलिझाबेथ लाइन हेच दिसतं. हे सगळं 2011-12 नंतरचं. त्याआधी तिथे रेल्वेचं अवाढव्य यार्ड, गोदामं, आणि बाजूने कामगारांच्या चाळवजा घरांच्या रांगा होत्या. '69' बराचसा तंबालाच्या आईच्या घराच्या तळघरात रेकॉर्ड झालाय. ज्यांनी इथल्या जुन्या घरांची तळघरं बघितली आहेत त्यांना कळेल, डोकं वाकवून उतरावं लागतं आणि भिंतींना ओल असते. आणि त्यातून निघालं काय, तर 'द सन फॉल्स इनटू द सी'! समुद्र इथून बराच लांब आहे.

शीर्षकाबद्दल : 'मिल्क स्नॅचर' ही मार्गारेट थॅचरबाईंना चिकटलेली पदवी. 1971 मध्ये त्या शिक्षणमंत्री असताना सात वर्षांवरच्या मुलांना शाळेत फुकट मिळणारं दूध बंद झालं, आणि 'थॅचर, मिल्क स्नॅचर' अशी घोषणा गल्लोगल्ली झाली. गाणं निघालं 1988 मध्ये, तेव्हा बाई पंतप्रधान. गाण्यात राजकारण काही नाही, ते भलतंच कोवळं आणि जरा चावट आहे. पण तेव्हाच्या कुठल्याही इंग्लिश माणसाने नाव वाचलं की थॅचरबाईच आठवणार. माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीपुढच्या सहकाऱ्यांना दुधाची ती बाटली अजून आठवते. उन्हात ठेवलेली, कोमट झालेली. बहुतेकांना ती आवडत नव्हती, पण काढून घेतल्याचा राग आहेच.


उत्तरा_नक्षत्र

चर्चा छान चालली आहे, पण जो हत्ती खोलीत... थांबा, ही म्हण आपली नाही. सरळच लिहिते. दोघे काळे होते म्हणून विसरले गेले, हे कोणी म्हणणार आहे का?

1988 चा ब्रिटिश संगीत बाजार डोळ्यांसमोर आणा. काळा कलाकार म्हणजे सोल, रेगे, नाही तर हिपहॉप. दुकानात रेकॉर्ड ठेवायचे कप्पेसुद्धा तसेच. गिटारचा आवाज करणारे, पाण्याखालून आल्यासारखं गाणारे दोन काळे तरुण कुठल्या कप्प्यात ठेवायचे? वर गिटारवाला यांनी लिहिलंय तेच बघा. परीक्षणात बँडची ओळख काय, तर अमुक गोऱ्या बँडची काळी आवृत्ती. मेरी चेनला कोणी 'गोरे अमुकतमुक' म्हटलं का? आणि आज ड्रीम पॉपची यादी करणारं यंत्र त्याच जुन्या लेखांवर, जुन्या कप्प्यांवर पोसलेलं आहे. ज्याला ते बँड ऐकवले त्याला पुन्हा तेच बँड ऐकवायचे, एवढंच त्याला येतं.


तिरकस_पेठकर

सगळं रंगावर ढकललं की आपण मोकळे. थोडं त्यांच्याकडेही बघा की. 1986 ला एक लेबल, 1987 ला दुसरं, 1988 ला तिसरं. पहिला अल्बम गाजला, तर दुसऱ्यात सव्वीस तुकडे. त्यात एक डिस्को, एक तंतुवाद्यांचं, एक नुसतीच गंमत. ज्यांना पहिला आवडला त्यांनी दुसऱ्यात काय धरायचं? आमच्याकडे एखाद्या हॉटेलची मिसळ चालली तर तो पुढच्या महिन्यात पिझ्झा सुरू करत नाही.


उत्तरा_नक्षत्र

@तिरकस_पेठकर, डेव्हिड बोवीने दर अल्बमला पिझ्झा बदलला, त्याला लोक द्रष्टा म्हणाले.


तिरकस_पेठकर

हा मुद्दा मान्य. तरी बोवीच्या मागे मोठी कंपनी होती.


रातकिडा

दोघांचंही ऐकून माझं मत लिहितो.

'69' तेव्हा दुर्लक्षित मुळीच नव्हता. ब्रिटनच्या इंडी (स्वतंत्र लेबलांच्या) अल्बमांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला होता. मेलडी मेकर या संगीत साप्ताहिकात समीक्षक सायमन रेनल्ड्स या बँडबद्दल भरभरून लिहीत होता. म्हणजे कप्पा सापडत नव्हता हे खरं, तरी ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी ऐकलं. खरं नुकसान नंतर झालं. 1991 मध्ये रफ ट्रेडचा वितरणाचा धंदा कोसळला. ज्या स्वतंत्र बँडच्या रेकॉर्डी त्या साखळीतून दुकानांत जायच्या, त्यांची फार वाताहत झाली. आणि नेमकं त्याच वर्षी माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' आला, स्लोडाइव्हचा पहिला अल्बम आला, शूगेझ म्हणून एक घोळका तयार झाला. नवा श्रोता त्या वेळी मागे वळून '69' शोधायला गेला असता तर दुकानात मिळायला हवा ना. इथे मला उत्तराताईंचं म्हणणं पटतं. घोळक्याचे फोटो काढले गेले तेव्हा त्यात सगळे एकसारखे दिसणारे चेहरे होते, आणि इतिहास फोटोंवरून लिहिला गेला.

पेठकरांनी 'आय'ला मिसळ-पिझ्झा केलं ते मात्र मला अजिबात मान्य नाही. त्यातलं 'ए लव्ह फ्रॉम आउटर स्पेस' ऐका. 1989 मध्ये गिटारवाली मंडळी आणि हाऊस म्युझिकवर नाचणारी मंडळी एकमेकांकडे नुसती बघत होती, तेव्हा या दोघांनी ते सहज एकत्र करून टाकलं. डीजे ॲन्ड्रू वेदरॉलने सुमारे वीस वर्षांनी शॉन जॉन्स्टनबरोबर आपली क्लब-नाइट सुरू केली तेव्हा तिला याच गाण्याचं नाव दिलं. ज्या माणसाने प्रायमल स्क्रीमचा 'स्क्रीमाडेलिका' अल्बम घडवायला हातभार लावला, त्याच्या डोक्यात हे गाणं इतकी वर्षं होतं.


लोकल_डबा

+1. स्लोडाइव्हचं उदाहरण इथे बोलकं आहे. 'सुव्लाकी' 1993 मध्ये आला तेव्हा ब्रिटिश पत्रकारांनी त्यांची सालटी काढली होती. 1995 च्या 'पिग्मेलियन'नंतर क्रिएशन लेबलने हाकललं. मग नेटवर नव्या पोरांनी शोधून काढलं, 2014 मध्ये बँड पुन्हा उभा राहिला, आणि 2023 चा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या दहात. पत्रकारांनी मारलेल्याला नेटने जिवंत केलं. ए. आर. केनच्या बाबतीत उलट, पत्रकारांनी डोक्यावर घेतलं आणि नेटने ओळखलं नाही. सुव्लाकीच्या मुखपृष्ठाचे टी-शर्ट मी लोकलमध्ये बघितलेत हो. घालणाऱ्याला विचारायची हिंमत झाली नाही.


अनाहत

मी या संगीतातला नाही, आमचा पिंड ख्यालाचा. मुलीने हा धागा पाठवला. 'बोल कळत नाहीत' ही तक्रार वर वाचली म्हणून दोन ओळी.

तराणा ऐकताना 'दीम् तनन'चा अर्थ कोणी विचारत नाही. तिथे अक्षरं सुराला धरायला खुंटी म्हणून असतात. मुलीने ऐकवलेल्या गाण्यात मला तसंच काहीसं वाटलं. गायक फार मोठा नाही, दमसास बेताचा, काही ठिकाणी सूर लागतही नाही. पण आवाज बाकीच्या वाद्यांच्या पुढे येऊन उभा राहत नाही, हे मला आवडलं. आमच्याकडे मैफलीत हल्ली माइक इतका पुढे असतो की तानपुरा दिसतो पण ऐकू येत नाही.

गिटारच्या त्या गर्जनेचं मात्र मला काही झेपलं नाही. पेठकरांशी सहमत.


तिरकस_पेठकर

कोणीतरी सहमत झालं. धागा सार्थकी लागला.


मीठभाकर

ऐकून आले. '69' सगळा, आणि तुम्ही नको म्हणालात तरी 'आय' पण.

'द सन फॉल्स इनटू द सी'ला ड्रम नाहीत हे मला गाणं संपल्यावर लक्षात आलं. वीणेसारखं काहीतरी छेडल्याचा आवाज आहे, त्याचं टोक कुठेच येत नाही, एकावर एक साचत जातं. आवाज तर असा की कोणीतरी शेजारच्या खोलीत स्वतःशी गातंय आणि आपण दाराशी उभे आहोत. कॉक्टो ट्विन्समध्ये मला नेहमी थोडं चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं, सगळं उंच आणि चकचकीत. हे घरातलं आहे. ओल आहे त्यात, टेम्सकाठी म्हणाल्या तशी.

'स्पर्मव्हेल ट्रिप ओव्हर' नाव वाचून गाळणार होते, बरं झालं गाळलं नाही.

'आय'बद्दल मी अर्धी पेठकरांच्या बाजूने. पहिल्या बाजूची गाणी भन्नाट आहेत, 'क्रॅक अप'वर तर पोळ्या लाटता लाटता पाय थिरकले. पण मधले ते छोटे तुकडे मला कंटाळवाणे वाटले. शेवटाकडे पुन्हा आवाजाचा कल्लोळ सुरू होतो तोवर मी दमले होते. दोन अल्बम व्हायला हवे होते ते एकात कोंबलेत. रातकिडांनी यावर कितीही सारवासारव केली तरी.

आणि प्रश्न असा, की मागून येणारा बाईचा आवाज कोणाचा?


टेम्सकाठी

@मीठभाकर, मॅगी तंबाला असणार, रूडीची बहीण. या भावाबहिणीने नंतर 'सूफी' नावाने 1995 मध्ये 'लाइफ्स रायझिंग' हा अल्बमही केला. नाव सूफी असलं तरी कव्वाली नाही, आधीच सांगून ठेवते.


जुना_भिडू

मग दोघांचं पुढे काय झालं? 'आय'नंतर एकदम गायबच?


रातकिडा

@जुना_भिडू, गायब नाही, पण पांगापांग. अयुली अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला. 1992 मध्ये डेव्हिड बर्नच्या लुआका बॉप लेबलने 'अमेरिकाना' नावाचं संकलन काढलं, म्हणजे टॉकिंग हेड्सवाल्या माणसाला हे आवडत होते. 1994 मध्ये तिसरा आणि शेवटचा अल्बम 'न्यू क्लिअर चाइल्ड'. तो बराच गुळगुळीत आहे, मला फारसा भावला नाही. 'आय' काढणाऱ्यांकडून तो यावा याचं वाईट वाटतं. बर्नच्या लेबलकडे जाऊनही अमेरिकेत काही घडलं नाही.

तंबालाने मध्ये 'हार्क' नावाचं छोटं लेबल चालवलं, त्यावर पापा स्प्रेन आणि बटरफ्लाय चाइल्ड असे दोन बँड काढले. ते तर ए. आर. केनपेक्षाही अज्ञात.

बाकी बातमी चांगली आहे. 2012 मध्ये सगळ्या सिंगल्सचं संकलन आलं. आणि 2023 मध्ये रॉकेट गर्ल लेबलने 'ए. आर. काइव्ह' (म्हणजे 'आर्काइव्ह'वरची कोटी) नावाचा संच काढला. त्यात 'अप होम' ईपी, '69' आणि 'आय' तिन्ही आहेत, रिमास्टरिंग खुद्द तंबालाचं. नावातल्या कोट्या अजून सुटलेल्या नाहीत. जुन्या सीडीवर '69'चा बास जरा दबलेला होता, या आवृत्तीत तो मोकळा झालाय. ऐकायचं तर हेच ऐका.


गिटारवाला_नाशिक

रिमास्टरबद्दल सहमत. 'सुलिडे'मध्ये मागे एक बारीक गिटार आहे जी मला आधी कधी ऐकूच आली नव्हती.

तो संच व्हायनलवर घ्यायचा विचार आहे. कोणी बाहेरून रेकॉर्ड मागवल्या आहेत का? कस्टम ड्यूटी आणि पोस्टेज धरून रेकॉर्डच्या दुप्पट पडतं असं ऐकून आहे.


लोकल_डबा

@गिटारवाला_नाशिक, पडतं. कोणीतरी येणार असेल त्याच्या बॅगेत टाकून आणणं हाच राजमार्ग. @टेम्सकाठी ताई, दिवाळीला येताय का?


टेम्सकाठी

येतेय, पण बॅगेत आधीच सासूबाईंची यादी आहे. एक संच मावेल. दोघांनी आपसात ठरवा.


तिरकस_पेठकर

त्यात 'क्रेझी ब्लू' असेल तर माझंही नाव लिहा. बाकीच्या बाजू गिटारवाल्यांनी ठेवून घ्याव्यात.


मीठभाकर

पापा स्प्रेन शोधतेय, अजून काही हाती लागलेलं नाही. बटरफ्लाय चाइल्ड सापडले, त्यावर वेगळा धागा काढू का?


रातकिडा

काढाच. पहिला प्रतिसाद माझा.